टिटवीवरचा आळ

गेल्या महिन्यांत ह्या सदराच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें. पत्र मोठें नाहीं. परंतु तें वाचून आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतों. ह्या बाईंचे सासरे गेले दोन महिने अंथरुणास खिळून आहेत. घर मोठें, चार भाऊ एकत्र. घरामागें मोकळें शेत आणि त्यापलीकडे ओढा. सासरे आजारी पडल्यापासून बहुतेक रोज रात्रीं घरावरून टिटवी ओरडत जाते, आणि ती ओरडली कीं घरांतील वडील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. कोणी म्हणतात शांति करावी. कोणी म्हणतात गड्यास सांगून टिटवीचा बंदोबस्त करावा. सासऱ्यांचे कान अजून शाबूत आहेत. टिटवी ओरडली कीं ते डोळे मिटून घेतात आणि सकाळपर्यंत कोणाशीं बोलत नाहींत. "आपण संस्कृत जाणतां, पांखरांविषयींही लिहितां, तर ह्या समजुतीस कांहीं आधार आहे कीं नाहीं, एवढें कळवावें," असें बाईंनीं विचारलें आहे.

उत्तर एका ओळींत देतां आलें असतें. परंतु ज्या घरांत माणूस अंथरुणावर आहे, त्या घरास एका ओळीचें उत्तर पुरत नाहीं. शिवाय टिटवीचा आणि आमचा एक जुना हिशेब आहे. तो ह्या निमित्तानें वाचकांपुढें मांडून टाकावा असें मनांत आलें.

टिटवीचा आवाज ज्यानें ऐकला नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. परंतु तिला डोळे भरून पाहिलेला मनुष्यही तितकाच क्वचित्. आवाज रात्रीं ऐकूं येतो आणि पक्षी अंधारांत दिसत नाहीं, हें तिच्या दुर्लौकिकाचें पहिलें कारण होय. तिला दिवसा पाहावें. आकारानें तित्तिराएवढी, चोंचीच्या टोंकापासून शेपटीपर्यंत सुमारें ३५ सेंटिमीटर. पण पाय लांब असल्यामुळें दिसते त्याहून उंच. डोकें, गळा आणि छाती काळी कुळकुळीत. डोळ्यामागून एक पांढरा पट्टा निघतो तो मानेच्या कडेनें उतरून पोटाच्या शुभ्र रंगांत मिसळतो. पाठ आणि पंख कांशाच्या भांड्यासारखे तपकिरी, आणि उन्हांत त्यांवर हिरवट-जांभळी झांक येते. पाय पिवळेधमक, चोंच तांबडी, टोंकास काळी. डोळ्यापुढें एक मांसल तांबडी गांठ असते, तीवरून पक्षिशास्त्रज्ञ तिला ताम्रमुखी टिटवी म्हणतात. आम्हांस ती गांठ कपाळीं रेखलेल्या कुंकवासारखी वाटते. हिला अभद्र ठरविणाऱ्यांनीं तिचें तें कुंकू दिवसाउजेडीं पाहिलेलेंच नसावें!

आमच्या कृष्णाकांठच्या गांवापासून मैलभरावर १९७२ च्या दुष्काळांत बांधलेला एक पाझर तलाव आहे. सकाळीं फिरावयास आम्ही तिकडे जातों. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तेथें तुतवार वगैरे पाहुणे उत्तरेकडून येतात आणि ऊन तापूं लागलें कीं परत जातात. टिटवी मात्र गांवकरी आहे, बाराही महिने तेथेंच. पाण्याचा कांठ तिला हवा. पण बगळ्याप्रमाणें गुडघाभर पाण्यांत ध्यान लावून उभें राहणें तिच्या स्वभावांत नाहीं. ओल्या मातीवरून चार पावलें झपाझप धांवावें, एकाएकी थांबावें, मान वर करून चहूंकडे पाहावें, मग वांकून एखादा किडा टिपावा आणि पुन्हां चार पावलें धांवावें, असा तिचा क्रम. चिखलांत ती एक पाय पुढें करून थरथरविते. त्या हादऱ्यानें खालचे जीव हलतात आणि चोंचीस सांपडतात. भुंगे, वाळवी, मुंग्या, गोगलगाई हें तिचें मुख्य अन्न. म्हणजे शेतकऱ्याची ती कांहींच नासधूस करीत नाहीं, उलट उपयोगीच पडते. तिची एक धाकटी बहीण आहे, माळटिटवी. तिची गांठ पिवळी, डोक्यावर काळी टोपी, आणि राहणें पाण्यापासून दूर कोरड्या माळावर. ती बिचारी कमी बोलते, म्हणून तिच्यावर कोणी आळ घेतल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

टिटवी झाडावर बसलेली कोणीं पाहिली आहे काय? पाहणें शक्य नाहीं. फांदी पकडावयास पायाची मागची बोटकी लागते, ती टिटवीस नांवापुरतीच असते. सबब तिचा सारा संसार जमिनीवर. आभाळ कोसळेल ह्या भीतीनें टिटवी पाय वर करून उताणी निजते, अशी कथा आपण लहानपणीं ऐकतों. पंचतंत्रांतही तिचा उल्लेख आहे. वास्तविक ती इतर पक्ष्यांसारखीच पाय पोटाशीं घेऊन बसते. परंतु जमिनीवर निजणाऱ्यास झोंप कशी ती सावधच घ्यावी लागते. कोल्हा, मुंगूस, साप, कुत्रा, मांजर आणि माणूस हे सारे जमिनीवरूनच येतात. शिवाय रात्रीं, विशेषतः चांदण्यांत, किडे पुष्कळ निघत असल्यामुळें ती चरतही असते. कांहीं हललें कीं ती उठली, उठली कीं ओरडली. तिच्या ओरडण्यानें तळ्यावरचीं बदकें उडून जातात म्हणून जुने शिकारी तिच्या नांवानें बोटें मोडीत.

तें ओरडणें तरी काय? आपल्या कानास 'टिट् टिट् टिटिव् टिट्' असें ऐकूं येतें, आणि त्यावरूनच संस्कृतांत टिट्टिभ व मराठींत टिटवी. इंग्रजांच्या कानास तेंच 'डिड् ही डू इट्?' असें ऐकूं आलें. म्हणजे 'त्यानें केलें काय?' पांखरूं बिचारें विचारीत आहे, आणि आपण गुन्हा त्याच्याच माथीं मारून मोकळे होतों.

आतां आधाराविषयीं. अमरकोशांत टिट्टिभाचें नांव आहे, पण तें केवळ नांव. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत अभक्ष्य पक्ष्यांत टिट्टिभ सांगितला आहे. म्हणजे त्याला खाऊं नये, एवढेंच. पंचतंत्राच्या मित्रभेदांत टिट्टिभाची गोष्ट आहे ती बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. समुद्रकांठीं टिट्टिभ आणि त्याची स्त्री राहत होतीं. ती म्हणाली, येथें भरती येते, अंडीं दुसरीकडे घालूं. त्यानें ऐकलें नाहीं. समुद्रानें अंडीं नेलीं. मग त्यानें सगळे पक्षी जमविले, पक्षी गरुडाकडे गेले, गरुडाचा रोष विष्णूपर्यंत पोहोंचला, आणि समुद्रास अंडीं परत द्यावीं लागलीं. बायकोचें ऐकलें असतें तर एवढी यातायात वांचली असती, असें आमच्या घरांतून मत आहे. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरमहाराजांनीं गीतेवरील आपली टीका सांगावयास आरंभ केला, तेव्हां आपल्या धाडसास त्यांनीं उपमा दिली ती चोंचीनें समुद्र मापूं पाहणाऱ्या ह्याच टिट्टिभाची. मृत्यूच्या दूतीची उपमा ग्रंथारंभीं आपल्यास लावून घेणें कोणास सुचलें असतें काय? वराहमिहिराच्या बृहत्संहितेपासून शकुनांचीं प्रकरणें आपल्याकडे आहेत, आणि पक्ष्यांच्या आवाजावरून त्यांत शुभाशुभ सांगितलें आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु तेथें दिशा, वेळ, पक्ष्याची स्थिति ह्यांचा केवढा खल केलेला आहे! आपण त्यांतलें कांहींच पाहत नाहीं; पांखरूं ओरडलें कीं कानांवर हात ठेवितों.

आमच्या हिशेबाची गोष्ट १९७४ च्या वैशाखांतली. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे होतों. वडील विषमज्वरानें आजारी होते. गांवांत वीज नुकतीच आलेली, आमच्या परसाकडे ती पोहोंचली नव्हती. डॉक्टर ओढ्यापलीकडे राहत. जवळची वाट मागच्या दारानें, परसांतून, दगडगोट्यांच्या पडीक तुकड्यावरून. रात्रींबेरात्रीं काका आणि गडी कंदील घेऊन त्या वाटेनें जात-येत. टिटवी ओरडे. पहिल्या रात्रीं कोणी लक्ष दिलें नाहीं. दुसऱ्या रात्रीं आत्याबाईंनीं हात जोडले. तिसऱ्या रात्रीं ती इतकी ओरडली कीं आईनें वडिलांच्या कानांवर धोतराचा पदर धरला. सकाळीं काकांनीं आम्हांस बोलावून सांगितलें, "त्या टिटवीचें घर कोठें आहे तें शोध, आणि मोड."

आम्ही आळींतलीं दोन मुलें बरोबर घेऊन निघालों. घरटें शोधावयास फार वेळ लागला नाहीं, कारण टिटवीनेंच तें दाखविलें. आम्ही जवळ जातांच ती ओरडत समोर आली, एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर पसरून लंगडत चालूं लागली. तिला वाटलें, हीं मुलें आपल्यामागें येतील. आम्हीं तें सोंग ओळखलें आणि हंसलों. जेथून ती उठली होती तेथें चार अंडीं होतीं. घरटें म्हणजे जमिनींत उथळ खळगा, त्यांत बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या, बस्स. अंडीं मातकट, त्यांवर काळसर डाग, निमुळतीं टोंकें मधोमध जुळविलेलीं. पाऊल पडेपर्यंत दगड कोणता आणि अंडें कोणतें कळूं नये. आम्हीं तीं उचललीं. हातांस तीं ऊन लागलीं, हें अजून आठवतें. ओढ्यांत फेंकून दिलीं.

त्या रात्रीं दोन टिटव्या घरावरून सारख्या घिरट्या घालीत होत्या. चौथ्या दिवशीं पहांटे वडील गेले. समाचारास येणाऱ्यांना काका टिटवीची हकीकत सांगत, आणि येणारे मान हालवीत. अंड्यांची हकीकत कोणी सांगितली नाहीं, कोणीं विचारलीही नाहीं. पुढें पुष्कळ वर्षें आमच्या मनास एक टोंचणी होती. पण ती अंड्यांबद्दल नव्हे. आपण तीं एक दिवस आधीं शोधलीं असतीं तर वडील वांचले असते, ही ती टोंचणी. बारा वर्षांच्या मुलाच्या मनांत मोठीं माणसें काय पेरून ठेवितात, ह्याचा त्यांना पत्ताही नसतो. मुलें शिकवितांना आम्ही स्वतः हें किती वेळां विसरलों असूं कोण जाणे.

शके १९४७ चा पाडवा ३० मार्च २०२५ रोजीं आला. आम्ही गुढी घेऊन गच्चीवर गेलों, तों डोक्यावरून टिटवी झेंपावली. आदल्या वर्षीं गच्चीच्या डागडुजीसाठीं आणलेली खडी एका कोपऱ्यांत पसरून पडली होती. त्या खडींत एक अंडें. चार-पांच दिवसांत चार झालीं. टिटवी सपाट छपरावर, रेल्वेच्या रुळांमधील खडींतसुद्धां अंडीं घालते हें आम्हीं वाचलें होतें. आपल्याच घरीं पाहूं असें वाटलें नव्हतें. गुढी त्या वर्षीं खालीं दाराशींच उभारली.

घरांत गोष्ट लपत नाहीं. आत्याबाई आतां सत्याऐशीं वर्षांच्या. दृष्टि मंद, पण कान तीक्ष्ण. आणि आमची धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली. आत्याबाईंनीं आम्हांस जवळ बसवून घेतलें व म्हणाल्या, "अरे, ऐन पाडव्याला ती अवदसा डोक्यावर येऊन बसली. पोर अवघडलेली आहे. माझं ऐक, कोणाला तरी वर पाठव." आम्ही म्हणालों, "आत्या, एकदां मीच गेलों होतों. पुन्हां नाहीं." त्या कांहीं बोलल्या नाहींत. दोन दिवस त्यांनीं आमच्याशीं भाषणच केलें नाहीं. आमच्या कुटुंबानेंही स्पष्ट सांगितलें कीं, पोरीला कांहीं झालें तर ह्या घरांत आपल्याला तोंड दाखवितां येणार नाहीं. कन्या तेवढी हंसली. पण रात्रीं टिटवी ओरडली कीं तीही जागी होते हें आम्हांस माहीत होतें. तेव्हां सुधारकपणाचा आव आणण्याजोगी आमची स्थिति नव्हती. मनांतून आम्हीही भ्यालेलेच होतों.

पोराबाळांस गच्ची बंद केली, कुरडया-पापड ओसरीपुढें वाळत घातले, आणि आम्हीं जिन्याच्या खिडकींतून टिपणवही घेऊन पहारा सुरू केला. नर-मादी दिसण्यांत सारखींच, त्यामुळें कोण कोणतें हें सांगतां येत नाहीं. पण दोघेंही आळीपाळीनें अंड्यांवर बसत. एक बसे, दुसरें खालच्या पडीक जागेंतून पहारा करी. वैशाख जवळ आला आणि गच्ची दुपारीं तव्यासारखी तापूं लागली, तेव्हां जें दिसलें तें विसरणार नाहीं. एक पक्षी उडून तळ्याकडे जाई, परत येई तेव्हां त्याचीं पोटाचीं पिसें पाण्यानें निथळत असत. तसाच तो अंड्यांवर बसे. ऊब देण्यासाठीं नव्हे, गारवा देण्यासाठीं! आम्हीं दयाबुद्धीनें परातभर पाणी ठेविलें होतें. तिकडे त्यांनीं ढुंकूनही पाहिलें नाहीं.

रात्रींची नोंद आम्हीं वेगळी ठेविली. टिटवी ओरडली कीं उठून खिडकींतून पाहावयाचें आणि काय दिसतें तें लिहावयाचें. वार्धक्यांत झोंप तशीही कमीच. कधीं बोका कठड्यावरून चाललेला असे. कधीं कुत्रीं. पुष्कळदां बॅटरीचा उजेड. कारण शेतीची वीज आमच्याकडे अनेकदां रात्रींच येते आणि शेतकरी मध्यरात्रीं मोटार सुरू करावयास बांधावरून जातात. हनुमानजयंतीच्या सुमारास चांदणें स्वच्छ होतें, तेव्हां दोघेंही खालीं चरत होतीं आणि त्यांचें बोलणें रात्रभर चालू होतें. ज्या रात्रीं कांहीं हललें नाहीं आणि चांदणेंही नव्हतें, त्या रात्रीं आवाजही बहुधा नव्हता.

अक्षयतृतीयेच्या आदल्या रात्रीं दोनच्या सुमारास कन्येस कळा सुरू झाल्या. घरांतले सगळे दिवे लागले. पुतण्या जीप मागच्या अंगणांत घेऊन आला. तिच्या दिव्यांचा झोत सरळ गच्चीवर पडला. कोणी चादर आणावयास धांवतें आहे, कोणी औषधांची पिशवी शोधतें आहे. आणि डोक्यावर टिटव्यांनीं जो आकांत मांडला तो जन्मांत ऐकला नव्हता. आत्याबाई अंधारांत भिंतीस धरून उभ्या, ओठ पांढरे पडलेले. आमचेही पाय लटपटले, हें कबूल करावयास लाज वाटत नाहीं. पहांटे सहाला दवाखान्यांतून निरोप आला. मुलगी झाली, दोघीही सुखरूप.

त्या सकाळीं गच्चीच्या जिन्यांत बसून आम्हीं पन्नास वर्षांपूर्वींचा हिशेब पुन्हां मांडला. टिटवी ओरडली म्हणून वडील गेले नव्हते. वडील जाण्याच्या पंथास लागले होते म्हणून आम्ही सारे रात्रींबेरात्रीं कंदील घेऊन धांवत होतों. तिच्या घरट्यावरून धांवत होतों म्हणून ती ओरडत होती. ज्या घरांत माणूस अत्यवस्थ असतें तेथें दिवा मालवत नाहीं, दारें वाजतात, डॉक्टर येतात-जातात, नातेवाईक उतरतात. निजलेल्या घरावरून टिटवी मुकाट्यानें जाते. जाग्या घरावरून ओरडत जाते. आणि घर जागें तर ती बाळंतिणीसाठींही जागी आहे आणि मरणाऱ्यासाठींही. बाळाच्या रात्रीं ओरडलेली टिटवी मात्र आपण कधीं ध्यानांत ठेवीत नाहीं.

पुढची हकीकत सांगावयास हवी, कारण ती अर्धवट सोडली तर वाचकांतलीं मुलें रागावतील. बसण्यास लागल्यापासून सुमारें चार आठवड्यांनीं तीन अंडीं फुटलीं. चौथें निकामी निघालें. टिटवी परीस आणून अंडीं फोडते असें सांगणारे आम्हांस भेटले. आम्हीं खडी चाळून पाहिली, सोनें निघालें नाहीं. पिलें म्हणजे खडीच्याच रंगाचे लोकरीचे गुंडे. आईनें इशारा दिला कीं जागच्या जागीं दडून राहतात, मग दोन हातांवरूनही दिसत नाहींत. पण येथें एक अडचण उभी राहिली. चिमणी-कावळ्याप्रमाणें टिटवी पिलांस भरवीत नाहीं. पिलांनीं पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खावयाचें. गच्चीवर टिपावयास काय असणार? दोघें पक्षी खालच्या पडीक जागेंतून सारखीं बोलवीत होतीं, आणि पिलें कठड्याच्या आंत धांवाधांव करीत होतीं. कठडा नसता तर त्यांनीं उड्या टाकल्या असत्या. ऊन चढत होतें. पुतण्या टोपली घेऊन निघाला, तेव्हां आत्याबाई माजघरांतून म्हणाल्या, "टोपलीत गुदमरतील. माझं सूप ने." त्यांचें सूप घरांत कोणी हात लावावयाचें नाहीं अशी तीस वर्षांची रीत आहे. सुपांत घालून, वर फडकें धरून पुतण्यानें पिलें खालीं नेलीं. दोन्ही टिटव्यांनीं त्याच्या डोक्याची फार विटंबना केली. रानपक्ष्यांचीं अंडीं नासणें किंवा घरटें विस्कटणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारींतच गणलें आहे. आम्हीं केलें तें त्या कायद्याच्या अक्षरांत कसें बसतें तें वकिलांनीं ठरवावें. आठ दिवसांनीं दोनच पिलें दिसूं लागलीं. तिसरें मांजरानें नेलें असावें. शेजारचा शेतकरी मात्र खूष होता: टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं, आतां पाऊस लवकर आणि भरपूर. मान्सून त्या वर्षीं २६ मे रोजींच मुंबईस पोहोंचला, तेव्हांपासून तो आमच्या गच्चीकडे मोठ्या आदरानें पाहतो. टिटवीनें खडी पाहिली, पंचांग नव्हे, हें त्याला पटविण्याचा प्रयत्न आम्हीं सोडून दिला आहे.

तर पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचें सांगणें असें. टिटवी गप्प बसली तर सासरे बरे होतील, असें आम्ही म्हणत नाहीं. तें काम डॉक्टरांचें आणि आपल्या शुश्रूषेचें. परंतु ती ओरडते म्हणून ते जाणार, असेंही कोणी म्हणूं नये, निदान त्यांच्या कानांवर पडेल असें म्हणूं नये. पडलेल्या माणसास दुखण्याचें ओझें असतेंच. त्यावर भीतीचें घालूं नये. रात्रीं येणेंजाणें पुढच्या दारानें ठेवावें, मागच्या ओटीवरचा दिवा मालवावा, कुत्रा असेल तर बांधावा. बराच फरक पडेल. गड्यास काठी देऊन मुळींच पाठवूं नये. एखाद्या शहाण्या नातवास दुरून घरटें शोधावयास सांगावें. आणि सांपडलें तर दिवसा, उजेडांत, सासऱ्यांची खाट खिडकीशीं घेऊन त्यांना तीं दोघें पांखरें दाखवावीं. डोळे मिटून घेण्याचें कारण एकदां डोळ्यांनीं पाहिलेलें बरें. घरांतील वडिलांचा शांतीसाठीं आग्रहच असेल तर तिला आमचा विरोध नाहीं. घरांत चार मंत्र म्हटल्यानें कोणाचें वाईट होत नाहीं. मात्र ती टिटवीच्या नांवानें न करितां सासऱ्यांच्या आरोग्यासाठीं करावी, आणि त्यांना तसेंच सांगावें.

आमच्या आत्याबाईंचें मत बदललें असें मात्र कोणीं समजूं नये. टिटवी ओरडली कीं अजूनही त्या उठून बसतात आणि रामरक्षा म्हणतात. परवां रात्रीं एकच्या सुमारास मागच्या बाजूस टिटवी ओरडली. आम्ही जागेच होतों. रामरक्षेचा आवाज मध्येंच थांबला आणि त्या पलीकडून म्हणाल्या, "अरे, जागा आहेस का? मागच्या बाजूला कोणीतरी आलं आहे, बघ जरा." आम्हीं खिडकी उघडून पाहिलें. वीज आली होती. शेजाऱ्याचा मुलगा खांद्यावर घोंगडें टाकून, बॅटरी घेऊन मोटारीकडे निघाला होता.